शाळेच्या दारातली आई : मेरीबाई टेप

जून महिन्यात आपल्या निवासी विद्यालयाचे प्रवेश सुरू झाले की व्हरांड्यातील बाकांवर आईवडिलांची रांग लागते. कुणाजवळ पत्र्याची पेटी असते, कुणाजवळ नुसते बोचके. मूल आईच्या पदराला धरून उभे असते आणि बाप दाखल्याची प्रत पुन्हा पुन्हा उलगडून पाहत असतो. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी हे दृश्य पाहत आलो आहे. नोंदवहीत नाव चढले, अनुक्रमांक मिळाला, की त्या बापाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते त्याचे मोल मला इतिहासाच्या अभ्यासाने अधिक कळू लागले. कारण हे दार कधीकाळी बंद होते आणि ते आपोआप उघडलेले नाही.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याचे गाऱ्हाणे मुंबई सरकारपर्यंत पोहोचले. न्याय त्या मुलाच्या बाजूचा आहे हे सरकारने मान्य केले, आणि एका मुलासाठी साऱ्या शाळेचा उपयोग बंद पाडता येत नाही असे कारण देऊन प्रवेश नाकारला. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनला सादर केलेल्या शैक्षणिक निवेदनात हे प्रकरण मुद्दाम नोंदवले आहे. धारवाडच्या त्या घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात आठ वर्षांच्या एका चिनी मुलीला सरकारी शाळेच्या दारातून परत पाठवण्यात आले. तिच्या आईने ते निमूटपणे सोसले नाही. त्या आईचे नाव मेरी टेप. अमेरिकेतील चिनी समाजाच्या इतिहासात हे नाव आज आदराने घेतले जाते. आपल्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असावे, या हेतूने हा चरित्रलेख या स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

अनाथ मुलगी आणि नवे नाव

मेरीबाईंचा जन्म १८५७ च्या सुमारास चीनमध्ये, शांघायच्या परिसरात झाला. त्या काळी ताइपिंग बंडाने तो सारा मुलूख होरपळून निघाला होता. गावेच्या गावे ओस पडली होती. बालपणीच पोरकी झालेली ही मुलगी १८६८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, समुद्र ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला आली. तिचे मूळ चिनी नाव कोणत्याही कागदावर उरलेले नाही. ज्यांच्याजवळ जमीन नाही, वंशावळ नाही, त्यांची नावे इतिहासाच्या दप्तरातून सर्वांत आधी गळतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

शहरात आल्यावर पहिले काही महिने ती चायनाटाऊन या चिनी वस्तीत राहिली. त्या काळी लहान मुलींना मोलकरीण म्हणून किंवा त्याहून वाईट कामासाठी विकले जाण्याचे प्रकार तेथे चालत. पाद्री ऑगस्टस लूमिस यांच्यामार्फत ती तेथून बाहेर पडली आणि स्त्रिया व निराधार मुले यांच्यासाठी चालवल्या जाणाऱ्या एका आश्रमगृहात दाखल झाली. त्या गृहातील मेरी मॅकग्लॅडरी नावाच्या बाईंनी तिला मायेने वाढवले आणि मुलीने त्यांचेच नाव धारण केले. तेथेच ती इंग्रजी बोलू-लिहू लागली, शिवणकाम, घरकाम, चित्रकला शिकली. वसतिगृहात वाढलेल्या माणसाला या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ज्याला घर नाही त्याला आश्रमगृहच घर असते, आणि तेथे मिळालेली अक्षरे आयुष्यभर पुरतात.

जू डिप नावाचा एक तरुण याच शहरात दूधगाडी हाकत असे. तो दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून १८६४ साली, बारा वर्षांचा असताना आला होता. एका गोऱ्या गोठेमालकाकडे त्याने आधी घरगडी म्हणून काम केले आणि नंतर दूध पोहोचवण्याचे काम मिळवले. त्याची आणि मेरीची ओळख झाली. १६ नोव्हेंबर १८७५ रोजी त्यांचा विवाह झाला. डिप या नावाचे पुढे टेप झाले आणि जू डिपचा जोसेफ टेप झाला. जोसेफ यांनी मालवाहतुकीचा स्वतःचा व्यवसाय उभारला, चिनी वकिलातीसाठी दुभाष्याचे काम केले. हे कुटुंब चायनाटाऊनमध्ये न राहता शहराच्या दुसऱ्या भागात, गोऱ्या शेजाऱ्यांमध्ये राहू लागले. १८७६ मध्ये मेमी, मग फ्रँक, मग एमिली अशी मुले झाली. धाकटी गर्ट्रूड बऱ्याच वर्षांनी जन्मली.

मेरीबाईंना शिकण्याची विलक्षण ओढ होती. त्यांनी चित्रे काढली, छायाचित्रण आत्मसात केले, काचपट्ट्या स्वतः तयार केल्या आणि तारायंत्राची संकेतलिपीही शिकून घेतली. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रण करणारी चिनी स्त्री ही अमेरिकेतसुद्धा नवलाची गोष्ट होती. जी स्त्री स्वतः एवढ्या हौसेने शिकली, तिला आपल्या मुलीने शाळेत जावे असे वाटले नसते तरच नवल.

शहराने फिरवलेली पाठ

या कुटुंबावर पुढे जे गुदरले ते समजण्यासाठी त्या शहराचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगभरातून माणसे तेथे धावली. चीनमधून आलेल्या लोकांनी खाणीत काम केले, दलदली हटवून शेते तयार केली, आणि सिएरा नेवाडा पर्वताचे कातळ फोडून अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणाऱ्या रेल्वेचा पश्चिमेकडील भाग उभारला. १८६९ मध्ये ती रेल्वे पूर्ण झाली आणि हजारो हात रिकामे झाले. पुढे मंदी आली. गोऱ्या मजुरांना आपल्या बेकारीचे कारण हवे होते, पुढाऱ्यांना मते हवी होती. कारखानदार आणि रेल्वे कंपन्या यांच्याकडे बोट दाखवण्यापेक्षा चिनी धोब्याकडे बोट दाखवणे सोपे होते. १८७७ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोत चिनी लोकांविरुद्ध दंगल उसळली, त्यांच्या धुलाईची दुकाने जाळण्यात आली. १८८२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली आणि चिनी स्थलांतरितांना नागरिकत्व देण्यासही मनाई केली.

शाळांची कथा अशीच होती. १८५९ मध्ये शहरात चिनी मुलांसाठी वेगळी शाळा सुरू झाली होती. ती कशीबशी चालली आणि १८७१ मध्ये तिचा खर्च बंद करण्यात आला. तेव्हापासून चौदा वर्षे या शहरात चिनी मुलांसाठी एकही सरकारी शाळा नव्हती. चिनी माणूस कर भरत होता, त्या करातून शाळा चालत होत्या आणि त्याच्या मुलाला त्या शाळेत जागा नव्हती.

तथापि कायद्याच्या पुस्तकात दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या. यादवी युद्धानंतर, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी, १८६८ साली अमेरिकेच्या संविधानात चौदावी दुरुस्ती झाली. अमेरिकेच्या भूमीवर आणि तिच्या अधिकारक्षेत्रात जन्मलेली व्यक्ती नागरिक आहे आणि कोणतेही राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारू शकत नाही, असा तिचा आशय आहे. ज्या वर्षी अकरा वर्षांची पोरकी मेरी त्या बंदरात उतरली, त्याच वर्षी ही दुरुस्ती अमलात आली. दुसरी गोष्ट कॅलिफोर्निया राज्याची. १८८० मध्ये त्या राज्याने शाळांचा कायदा सुधारून सरकारी शाळा त्या भागातील सहा ते एकवीस वर्षांच्या सर्व मुलांसाठी खुल्या केल्या. घाणेरड्या सवयी, दुर्वर्तन किंवा संसर्गजन्य रोग एवढ्याच कारणांवरून मुलाला नाकारता येत असे. वंशाचा उल्लेख त्यातून निघून गेला होता. कायदा बदलला, माणसे बदलली नव्हती.

स्प्रिंग व्हॅली शाळेचे दार

सप्टेंबर १८८४ मध्ये मेरीबाई आणि जोसेफ यांनी मेमीला घराजवळच्या स्प्रिंग व्हॅली शाळेत दाखल करण्यासाठी नेले. मेमी त्याच शहरात जन्मलेली, इंग्रजी बोलणारी, शेजारच्या गोऱ्या मुलांबरोबर खेळणारी मुलगी. मुख्याध्यापिका जेनी हर्ली यांनी तिला प्रवेश नाकारला. कारण एकच होते, मुलगी चिनी आहे.

चिनी वकिलातीचे अधिकारी फ्रेडरिक बी यांनी शाळाखात्याचे अधीक्षक अँड्र्यू मोल्डर यांच्याकडे निषेध नोंदवला. या मुलीला नाकारणे राज्याच्या कायद्याला, संविधानाला आणि चीन-अमेरिका कराराला सोडून आहे, असे त्यांनी दाखवून दिले. अधीक्षक बधले नाहीत. उलट शाळामंडळाने ऑक्टोबरमध्ये ठराव केला की जो मुख्याध्यापक चिनी मुलाला प्रवेश देईल त्याला नोकरीवरून काढले जाईल. मुख्याध्यापिकेच्या मनात काही वेगळे असते तरी आता तिला ते करता आले नसते. अन्याय टिकवायचा तर तो एकट्याच्या लहरीवर सोडून चालत नाही, त्याला ठरावाचे आणि शिक्क्याचे बळ द्यावे लागते. शिक्षक म्हणून मला या ठरावाचे वाचन विशेष अस्वस्थ करते.

टेप दांपत्याने विल्यम गिब्सन या वकिलामार्फत न्यायालयात धाव घेतली. टेप विरुद्ध हर्ली या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. ९ जानेवारी १८८५ रोजी न्यायाधीश जेम्स मॅग्वायर यांनी मेमीच्या बाजूने निकाल दिला. या राज्यात जन्मलेल्या मुलीला शाळेत न घेणे हे राज्याच्या कायद्याचे आणि संविधानाचे उल्लंघन आहे, तसेच चिनी लोकांकडून शाळांसाठी कर घ्यायचा आणि त्यांच्या मुलांना शाळेबाहेर ठेवायचे हे न्यायाला धरून नाही, असे त्यांनी ठरवले. शाळामंडळ वरच्या न्यायालयात गेले. मार्च १८८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या शाळा-कायद्याचा आधार घेऊन, खालचा निकाल कायम केला. मेमी टेप जिंकली.

हा विजय किती दिवस टिकला? महिनाभरही नाही. निकाल लागताच अधीक्षक मोल्डर यांनी राज्याच्या विधिमंडळाला तार करून नवा कायदा घाईने करण्याची विनंती केली. काही दिवसांतच तो मंजूर झाला. चिनी मुलांसाठी वेगळ्या शाळा काढण्याचा अधिकार शाळामंडळांना मिळाला. आणि अशी शाळा एकदा निघाली की चिनी मुलाला दुसऱ्या कोणत्याही शाळेत घेता कामा नये, असेही त्यात लिहिले गेले. न्यायालयाने हक्क दिला होता तो कायद्याच्या शब्दांवरून. शाळामंडळाने ते शब्दच बदलून घेतले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मेमीला घेऊन टेप कुटुंब पुन्हा स्प्रिंग व्हॅलीच्या दारात उभे राहिले. वेगळी शाळा अजून उघडलेली नव्हती, म्हणून मेमीला नाकारण्यास कायदेशीर कारण उरले नव्हते. या वेळी जेनी हर्ली यांनी सांगितले की मुलीजवळ देवी टोचल्याचे योग्य प्रमाणपत्र नाही आणि वर्गही भरलेले आहेत. उघड भेदाला बंदी आली की तो कागदपत्रांच्या आडून येतो, हा अनुभव फक्त त्या शहराचा नाही.

एका आईचे पत्र

८ एप्रिल १८८५ रोजी मेरीबाईंनी शाळामंडळाला पत्र लिहिले. आठवडाभराने ते शहरातील एका वृत्तपत्रात छापून आले. पत्राची इंग्रजी घोटीव नाही, शुद्धलेखनाच्या चुका जागोजाग आहेत. पण त्यातला संताप इतका सच्चा आहे की आजही ते अमेरिकेत अभ्यासले जाते. चिनी म्हणून जन्माला येणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे काय, असा त्यांचा पहिला प्रश्न होता. आपल्याला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या लोकांनी एका लहान मुलीला तिच्या जन्मावरून शाळेबाहेर ठेवावे, हे कोणत्या धर्मात बसते, असे त्यांनी विचारले. मोठमोठ्या माणसांनी आठ वर्षांच्या मुलीचा छळ मांडला आहे, याची त्यांनी मंडळाला लाज दिली. आपली मुले इतर मुलांसारखेच कपडे घालतात, त्यांच्यासारखीच राहतात, आणि तरीही कपड्यांना व वागण्याला किंमत नाही, चिनी म्हटले की सारे संपले, ही त्यांची व्यथा होती. मंडळाने काढलेल्या चिनी शाळेत मेमी कधीही जाणार नाही, अशी प्रतिज्ञाही त्यांनी केली.

१३ एप्रिलला चायनाटाऊनच्या जवळ, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर, चिनी प्राथमिक शाळा उघडली. त्या दिवशी सर्वांत आधी हजर झालेल्या मुलांत मेमी आणि तिचा भाऊ फ्रँक होते.

प्रतिज्ञा मोडली म्हणून काही लोक मेरीबाईंना कमी लेखतील. मला तसे वाटत नाही. खटला लढवणारे आईवडील लढत राहतात, पण मुलाचे वय थांबत नाही. एक वर्ष गेले की गेले. मनातला अभिमान गिळून मुलांचा हात धरून ती आई त्या जिन्याने वर गेली असेल, तेव्हा तिने पत्राहूनही कठीण काम केले. वेगळ्या बाकावर बसवले तरी शाळा सोडायची नाही, हे आपल्याकडील कितीतरी मातांनी मुलांना सांगितलेले आहे. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसून बाल भीमरावांनी शिक्षण घेतले, हे आपण विसरू शकत नाही.

घर कुठले म्हणायचे?

१८९५ मध्ये टेप कुटुंब खाडीपलीकडच्या बर्कली गावी राहायला गेले. तेथे चिनी मुलांना वेगळे बसवले जात नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोने नाकारलेले सहजीवन त्यांनी पाण्यापलीकडे मिळवले. १८९८ मध्ये त्याच सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क या तरुणाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की चिनी आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले मूल अमेरिकेचे नागरिक आहे. मेमी, फ्रँक, एमिली आणि गर्ट्रूड यांचे नागरिकत्व त्यामुळे वादातीत झाले. पण त्यांचे आईवडील मात्र, सारे आयुष्य त्या देशात घालवूनही, कायद्याने परकेच राहिले.

एक गोष्ट येथे लपवणे योग्य होणार नाही. जोसेफ टेप यांची सुबत्ता ज्या व्यवसायातून आली त्याचा मोठा भाग बंदरावर उतरणाऱ्या चिनी प्रवाशांशी निगडित होता. त्यांची ने-आण करणे, त्यांच्यासाठी जामीन उभा करणे, दुभाष्याचे काम करणे ही कामे बहिष्काराच्या कायद्यामुळेच वाढली होती. ज्या कायद्याने समाजाला चिरडले त्याच कायद्याच्या फटीत या कुटुंबाने आपली उपजीविका शोधली. चायनाटाऊनच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारा मजूर आणि छायाचित्रण करणाऱ्या मेरीबाई यांच्यात अंतर होतेच. शिकून वर गेलेला माणूस आणि वस्तीत मागे राहिलेला माणूस यांच्यातील हे अंतर आपल्याही समाजात पडले आहे. थोर व्यक्तीचे चरित्र लिहिताना ती धुऊन पुसून देव्हाऱ्यात बसवू नये, असे मला वाटते; तशी ती आपल्या उपयोगाची राहत नाही.

१८ एप्रिल १९०६ रोजी भूकंप झाला, त्यानंतर आग लागली आणि चायनाटाऊन जळून खाक झाले. राखेतून धूर निघत असतानाच शहराच्या पुढाऱ्यांनी विचार सुरू केला की मध्यवर्ती, मोलाची ही जमीन मोकळी झाली आहे, तर चिनी लोकांना दूर दक्षिणेकडे हंटर्स पॉइंट येथे हलवावे. शहर बदलताना गरिबाला आणि परक्याला सर्वांत आधी बाहेर ढकलले जाते. चिनी समाज मात्र या वेळी एकजुटीने उभा राहिला. आमची वकिलात जुन्या जागीच पुन्हा बांधली जाईल, असे चीनच्या प्रतिनिधींनी कळवले. व्यापाऱ्यांनी सांगितले की आम्हाला हलवाल तर आमचा व्यापार दुसऱ्या शहरात जाईल. बरेच भाडे चिनी भाडेकरूंकडून मिळवणाऱ्या गोऱ्या घरमालकांनाही ते परवडणारे नव्हते. बेत बारगळला. लुक टिन एली या व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन नव्या इमारतींना पॅगोड्यासारखी वळणदार छपरे आणि रंगीत सज्जे दिले. त्यांचे आराखडे गोऱ्या वास्तुशिल्पींनी काढले होते. शहरातील लोकांना आणि प्रवाशांना पाहावेसे वाटेल असे एक चीन त्यांनी मुद्दाम उभे केले, म्हणजे पुन्हा कोणी हुसकावणार नाही. आज जगभरचे प्रवासी ज्याला प्राचीन चिनी वारसा समजून न्याहाळतात, तो विसाव्या शतकातील एका विस्थापनाला दिलेला जबाब आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. मेरीबाईंनी १८८५ मध्ये सांगितले की आम्ही तुमच्यासारखेच आहोत, म्हणून आम्हाला आत घ्या. चायनाटाऊनने १९०६ नंतर दाखवले की आम्ही तुमच्याहून वेगळे आणि प्रेक्षणीय आहोत, म्हणून आम्हाला राहू द्या. दोन्ही युक्तिवाद असहायतेतून आलेले आहेत, आणि दोन्हींत निर्णय करण्याचा अधिकार समोरच्याकडेच राहतो. मुलीने कोणते कपडे घातले आहेत, घराचे छप्पर किती सुंदर आहे, यावर शहरातील तिची जागा ठरत असेल तर त्याला परवानगी म्हणावे लागेल, हक्क म्हणता येणार नाही. मेमीच्या बाजूचा खरा युक्तिवाद मॅग्वायर यांच्या निकालात होता. ती या भूमीवर जन्मली आहे, कायदा सर्वांना सारखा आहे, म्हणून शाळा तिची आहे. ती कशी दिसते, घरी काय खाते, काय नेसते, हा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्या चळवळीला हा भेद ठाऊक आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकण्यास सांगितले. ते सवर्णांनी आपल्याला आत घ्यावे म्हणून केलेला अर्ज नव्हता. अंगावरची गुलामीची निशाणी आपल्या हाताने उतरवण्यासाठी होते. चवदार तळ्याचे पाणी त्या स्त्रियांच्या लुगड्यांमुळे त्यांचे झाले नाही. माणूस म्हणून ते त्यांचे होतेच.

उत्तरकाळ

मेरीबाईंचे उर्वरित आयुष्य बर्कलीत गेले. १९३४ साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी जोसेफ यांचेही. ज्या कायद्याने चिनी मुलांना वेगळ्या शाळेत कोंडले तो त्यांच्या हयातीत पुस्तकातून गेला नाही. उलट १९०६ मध्ये जपानी मुलांनाही त्याच शाळेत धाडण्याचा हुकूम निघाला आणि प्रकरण थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेले. १९२७ साली मिसिसिपी राज्यातील एका चिनी मुलीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळांना मान्यताच दिली. चिनी लोकांवरील प्रवेशबंदी १९४३ मध्ये उठली, तीही वर्षाला अवघ्या १०५ माणसांच्या मर्यादेसह. मेक्सिकन वंशाच्या पालकांनी लढवलेल्या मेंडेझ खटल्यानंतर १९४७ मध्ये कॅलिफोर्नियाने वेगळ्या शाळांचा कायदा रद्द केला. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्याच्या निकालाने साऱ्या देशातील सरकारी शाळांतील वंशभेद संविधानबाह्य ठरला. त्या वेळी मेमी हयात होती. शाळेच्या दारातून परतलेली ती आठ वर्षांची मुलगी तेव्हा सत्तरी ओलांडून गेली होती. १९७२ मध्ये तिचे निधन झाले.

किराणा दुकानाच्या माडीवर सुरू झालेली ती शाळा अनेकदा जागा आणि नाव बदलत गेली. आज ती चायनाटाऊनमधील सर्वांसाठी खुली असलेली प्राथमिक शाळा आहे आणि चिनी वंशाच्या एका लोकप्रतिनिधीचे नाव तिला दिलेले आहे. बहिष्कारासाठी बांधलेली भिंत समाजाने आपल्या घराची भिंत करून घेतली.

आपल्यासाठी या चरित्राचा अर्थ

मेमीच्या खटल्याचा निकाल एका कायद्याने काही दिवसांत पुसला, याचे कारण शाळेत प्रवेश मिळण्याचा हक्क साध्या कायद्यात होता आणि साधा कायदा साध्या बहुमताने बदलता येत होता. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. चौदावी घटनादुरुस्ती कागदावर होती आणि कृष्णवर्णीयांना ती प्रत्यक्षात लाभत नव्हती, असा तो काळ. पुढे भारताच्या संविधानात कलम १४ ने समानता आली, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम २९ च्या दुसऱ्या पोटकलमाने स्पष्ट सांगितले की राज्याने चालवलेल्या किंवा राज्याचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणत्याही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांवरून प्रवेश नाकारता येणार नाही. धारवाडच्या त्या मुलाला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मेमीला जे हवे होते ते या एका वाक्यात आहे. ते मूलभूत हक्कांमध्ये आहे, म्हणून एखाद्या अधीक्षकाच्या तारेने रातोरात पुसले जाऊ शकत नाही.

पण वाक्य लिहिले म्हणजे दार उघडले असे होत नाही. प्रमाणपत्र नाही, वर्ग भरला आहे, ही उत्तरे आजही दिली जातात. म्हणून विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, माझे तुम्हाला सांगणे आहे की तुम्ही उद्या मुख्याध्यापक व्हाल, अधिकारी व्हाल, एखाद्या नोंदवहीपाशी लेखणी घेऊन बसाल. तुमच्यासमोर कामासाठी दुसऱ्या मुलखातून आलेल्या मजुराचे मूल उभे असेल. त्याची भाषा वेगळी असेल, कागद अपुरे असतील. त्या वेळी जेनी हर्ली यांच्या खुर्चीत तुम्ही बसलेले असाल. त्या खुर्चीत बसून काय करायचे, हे मेरीबाई टेप यांच्या आयुष्याने आपल्याला विचारून ठेवले आहे. भगवान बुद्धांच्या संघात उपाली नावाचा नाभिक शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षित झाला आणि राजपुत्रांनी त्याला वंदन केले. आपल्या विद्यालयाच्या प्रवेशद्वारावर पंचशील ध्वज फडकतो तो याच परंपरेचा आहे.

जूनमध्ये पुन्हा बाकांवर रांग लागेल. पहिले नाव नोंदवहीत लिहिताना मी मनोमन मेमी टेपचेही नाव लिहीत असतो.

जय भीम! नमो बुद्धाय!